लाईन जायच्या आधी

मी घर सोडून निघाले त्या दुपारी, बाहेर टळटळीत ऊन असताना, शकुआत्याने कंदील पेटवला.

१९९७चा ऑगस्ट होता. पुलगावला आमचं कापडाचं दुकान आणि दुकानाच्या मागे घर. मागच्या खोलीत माझी सूटकेस उघडी पडली होती आणि आई तिच्यात तिखटाची पुडी कुठे मावते ते चौथ्यांदा बघत होती. डोक्यावर ट्यूबलाईट चालू, पंखा चालू. आत्या उठली, कंदिलाची काच पदराने पुसली, वात वर केली, काडी ओढली आणि कंदील दाराच्या खिळ्याला अडकवला. आईचे हात थांबले. दुकानात बाबूजींनी, माझ्या वडिलांनी, उलगडलेलं ठाण गुंडाळायला घेतलं आणि गिऱ्हाइकाला म्हणाले, ‘‘थोडं थांबा.’’ दोनेक मिनिटं गेली असतील. मग ट्यूबलाईट विझली, पंखा हळूहळू थांबला. लाईन गेली होती.

आमच्या घरात यावर बोलायची पद्धत नव्हती.

आत्या माझ्याजवळ येऊन उभी राहिली. ती कधी कोणाच्या डोळ्यांत बघायची नाही, तेव्हाही माझ्या खांद्याकडे बघत होती. म्हणाली, ‘‘तुले बी ऐकू येते नं?’’

‘‘काय?’’ मी विचारलं. काय ते मला पक्कं ठाऊक होतं.

‘‘लाईन जायच्या आधी. तो आवाज खाली बसते, तो.’’

‘‘नाई आत्या,’’ मी म्हणाले, ‘‘मले काही नाई येत ऐकू.’’

मी खोटं फारसं बोलत नाही. चांगुलपणा म्हणून नव्हे, जमत नाही म्हणून. त्या दिवशी मात्र झटक्यात जमलं. आत्याने मान हलवली, न परवडणारा भाव ऐकून गिऱ्हाईक हलवतं तशी, आणि ती आपल्या कोपऱ्यात जाऊन बसली. मग बाबूजींच्या स्कूटरवर स्टेशन, तिथून मुंबईची गाडी, पुढे विमान. गाडी हलताना आई खिडकीची सळी धरून म्हणत होती, ‘‘पोचली का फोन करजो. येळेवर जेवजो. अन् तिकडं कोनाले काही सांगू नको.’’ त्या ‘काही’त काय येतं हे आम्हां दोघींना माहीत होतं.

शकुआत्या ही बाबूजींची धाकटी बहीण. तिचं लग्न झालं आणि अकराव्या दिवशी सासरच्यांनी तिला आणून सोडलं. मुलगी बोलत नाही, भांडी वाजली की कान झाकून भिंतीशी बसते, बसल्या जागी पुढेमागे झुलते, अशी त्यांची तक्रार होती. खोटी नव्हती. त्यानंतर ती आमच्या मागच्या खोलीत राहिली आणि वीस वर्षांत उंबऱ्याबाहेर क्वचितच गेली असेल. रिकामी मात्र कधी बसली नाही. डोळे मिटून कापडाला हात लावला की ते कुठल्या गिरणीचं आहे ते सांगायची. मऊ झालेलं सुती लुगडं सोडून अंगाला काही लावून घ्यायची नाही. आणि लाईन जायच्या आधी कंदील पेटवायची.

तेव्हा लाईन जायला वेळकाळ नव्हता. सकाळी जायची, जेवताना जायची. बाबूजी आत्याच्या कंदिलाचा उपयोग करून घ्यायचे, पण नाव घ्यायचे नाहीत. एकदा एक बाई साडी बघत असताना आत्याने पेटता कंदील आणून गल्ल्याशेजारी ठेवला. लख्ख उजेड होता. बाई हसली. पुढच्याच क्षणी दुकान काळोखलं आणि बाई साडी तशीच टाकून चपला घालायच्या आधी रस्त्यावर पोचली. तेव्हापासून गावात बोलणं झालं की कापडवाल्याच्या बहिणीला आधीच समजतं. काहीजणी दुकानावरून जाताना पदर तोंडावर घ्यायच्या. काहीजणी दुपारच्या वेळी मागच्या दाराने यायच्या आणि हळूच विचारायच्या, नवरा कधी परत येईल, पोरीचं कधी जमेल. आत्याला काय माहीत असणार? तिने एकीला एवढंच सांगितलं, ‘‘तुमच्या कानातलं लई वाजते.’’ त्या बाईने तिथल्या तिथे झुमके काढले आणि पुन्हा कधी घातले नाहीत. पुढे तिच्या घरी काही वाईट झालं नाही, हेही आत्याच्याच नावावर जमा झालं.

तो आवाज काय होता ते आता सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. विजेवर चालणारी प्रत्येक वस्तू गुणगुणते. ट्यूबलाईटचा चोक, कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर, फ्रीज, सगळं. बहुतेकांना ते ऐकू येत नाही, किंवा येत असलं तरी कान ते बाजूला सारतो. माझा कान काहीच बाजूला सारत नाही. मला तो आवाज खोलीत बसलेल्या माणसाइतका स्पष्ट ऐकू येतो. आमच्याकडे लाईन जायच्या आधी काही मिनिटं तो उतरायला लागायचा. अगदी थोडा, पण उतरत जायचा, दमल्यासारखा. आणि मग तुटायचा. दिवस कितीही उजळ असो, तो उतरायला लागला की माझे हात आपोआप कानांकडे जायचे.

सात वर्षांची असताना पाहुण्यांसमोर मी दोन्ही कान झाकले आणि म्हणाले, ‘‘आता जाते.’’ आणि लाईन गेली. आईचा तेव्हाचा चेहरा मला अजून दिसतो. पुढच्या गुरुवारी ती मला गिरडला घेऊन गेली. टेकडीवरच्या दर्ग्यात माझ्या दंडाला धागा बांधला. उतरताना एका पायरीवर मला बसवून ती म्हणाली, ‘‘शकूसारखं करू नको गं माय. तुले तरी कोनी ठेवन का मंग?’’ ती रागावली नव्हती, घाबरली होती. मला त्या वयात दोन्हींतला फरक चेहऱ्यावरून कळायचा नाही, पण तिने माझा दंड धाग्यावरूनच घट्ट धरून ठेवला होता ते कळलं. त्या दिवसापासून मी कान झाकणं सोडलं. आवाज उतरायला लागला की दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायची. सोळा वर्षं हेच केलं. हुशार आहे, जरा ताठ आहे, एवढंच लोक म्हणायचे. भिंतीपलीकडे आत्या झुलत असायची आणि अलीकडे मी हात दाबून गणितं सोडवत असायची.

तुम्ही जे मागे राहिलात त्यांना वाटतं, जाणारा सुटला. जे माझ्यासारखे गेलात त्यांना हे सांगायला नको. मला तर पोचल्याच्या पहिल्या संध्याकाळी कळलं. भाड्याची खोली, स्वच्छ गादी, खिडकीबाहेर कापलेलं गवत. मी पलंगावर बसले आणि काहीतरी भयंकर चुकलंय असं वाटायला लागलं. खिडकी तपासली. दार तपासलं. फ्रीज उघडून बघितला. मग ध्यानात आलं. सगळा देश वेगळ्या सुरात गुणगुणत होता. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते आणि तिथली साठ, हे मी शाळेत शिकले होते. शिकणं वेगळं आणि त्यात राहणं वेगळं. फ्रीज, दिवे, जिन्याखालचं यंत्र, रस्त्यावरचा खांब, जिथे कान जाईल तिथे तोच वर चढवलेला सूर. मी नसताना कोणी माझ्या घरात शिरून प्रत्येक वस्तू वीतभर सरकवून ठेवावी, तसं वाटलं.

आणि तो उतरायचा नाही. कधीच नाही. मी महिनोन्‌महिने वाट बघितली. ग्रंथालयात, धुलाईच्या दुकानात, बसथांब्यावर उभी राहून मी ऐकत राहायची की आता दमेल, आता खाली बसेल. न दमणारा तो आवाज मला आमच्या लाईन जाण्यापेक्षा जास्त भीतिदायक वाटायचा.

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत माझं काम कानाचं आणि मेंदूचं होतं. माणसाला आवाज ऐकवायचे आणि ते ऐकताना मेंदूत जी बारीकशी वीज खेळते ती डोक्यावरून टिपायची. या कामात भिंतीतल्या विजेची गुणगुण हा मोठा शत्रू. ती प्रत्येक नोंदीत घुसते. बाकीचे लोक मीटर घेऊन ती कुठून येते ते शोधत बसायचे. मी मान तिरकी करून खोलीत फिरायची आणि सांगायची, हा दिवा, ही तार, पलीकडच्या खोलीतला पंप. महिन्याभरात दुसऱ्या प्रयोगशाळांतून मला बोलावणी यायला लागली. ज्या गोष्टीसाठी माझ्या दंडाला धागा बांधला होता तीच माझ्या शिफारसपत्रात लिहिली गेली. त्याचं मला हसू यायला हवं होतं, पण रडू आलं.

तिथे रूथ होती. पन्नाशी ओलांडलेली, पांढरी वेणी, रोज तोच निळा शर्ट. नोंदी घ्यायची बंद खोली तिने स्वतःच्या हाताने बांधली होती. ती ऑटिस्टिक होती आणि आपला रक्तगट सांगावा तितक्या सहज ते सांगायची. विचार करताना ती पुढेमागे झुलायची. पहिल्या दिवशी ते बघितलं आणि माझ्या अंगावर काटा आला. तीच लय होती. पुलगावच्या मागच्या खोलीतली लय साता समुद्रापार निळ्या शर्टात बसली होती. मी माझं टेबल उचलून दुसऱ्या भिंतीशी नेलं. मी रूथशी कामापुरतं बोलायची, आणि त्याची मला आज लाज वाटते.

एका अभ्यासात आम्ही दोन गट घेतले होते. एक ऑटिस्टिक माणसांचा, दुसरा तुलनेसाठी साध्या माणसांचा. साधी माणसं कमी पडली की प्रयोगशाळेतलेच लोक खुर्चीत जाऊन बसतात, ही सगळीकडची रीत. मीही बसले. डोक्यावर ओल्या तारांची जाळी, कानात एकसारखे सूर, मधूनच एखादा केसभर वेगळा. अर्ध्या तासाने केस पुसून मी बाहेर आले आणि विसरून गेले.

चार-पाच महिन्यांनी त्या नोंदी तपासायचं काम माझ्याकडे आलं. तपासणाऱ्याला नावं कळू नयेत म्हणून नुसते आकडे. साध्या गटातला अकरा नंबर मला खटकला. केसभर वेगळा सूर आला की त्याची रेघ अशी उसळायची, जशी त्या गटात कोणाचीच उसळत नव्हती. मी तीन दिवस ती रेघ बघत बसले. पडदा पुढे सरकवायच्या आधी मला वाटायचं, आता इथे दचकेल, आणि ती तिथेच दचकायची. नवव्या मिनिटाला ती अशा ठिकाणी उसळली की जिथे आम्ही काही वाजवलंच नव्हतं. बंद खोलीत त्या माणसाने काय ऐकलं असेल? मला त्या अकरा नंबरची भीती वाटायला लागली. पडद्याकडे पाठ केली तरी तो आपल्याकडे बघतोय असं वाटायचं. शेवटी मी वहीत लिहिलं, अकरा नंबर चुकून या गटात आला आहे, चिठ्ठ्या बदलल्या असाव्यात, हा काढून टाकावा.

रूथने ते वाचलं. ती नावांचं रजिस्टर घेऊन आली आणि माझ्यासमोर उघडून एका ओळीवर बोट ठेवलं.

‘‘अकरा तू आहेस,’’ ती म्हणाली. मग थोडं झुलून म्हणाली, ‘‘चिठ्ठी बरोबर आहे. गट चुकलाय.’’

मी पडद्याकडे बघितलं. रस्त्याने चालताना आपलीच पाठ पुढे चाललेली दिसावी, तसं झालं. स्वतःलाच काढून टाका असं मी स्वच्छ अक्षरात लिहून सही केली होती. मी उठून बेसिनपाशी गेले आणि नळ सोडून उभी राहिले. रडत होते की हसत होते ते मला सांगता येणार नाही. मनात एकच होतं. आत्या. तिला काही लागिरलं नव्हतं. जे तिच्यात होतं ते माझ्यात होतं, आणि त्याला नाव होतं. पुढे डॉक्टरने ते नाव कागदावर लिहून दिलं. मी एकतीस वर्षांची होते. तो कागद मी घडी करून ठेवला आणि घरी कोणाला सांगितलं नाही. आईने खिडकीतून दिलेलं शेवटचं वाक्य मी इतकी वर्षं निमूट पाळत होते.

दर रविवारी मी फोन करायची. आई बोलायची आणि मी तिच्या आवाजामागे घर ऐकायची. फोनमधून तो खालचा सूर येत नाही, पण त्याच्या वरच्या पट्टीतल्या सावल्या येतात, आणि माझं तेवढ्यावर भागायचं. २००५च्या फेब्रुवारीत एका रविवारी आईच्या आवाजामागे भलतंच काही होतं. धारदार, करकरीत, थांबत नसलेलं.

‘‘आई, तिकडं काय चालू हाय?’’

‘‘कुठं काय? काही नाई. शकू वरडून राह्यली, तेच.’’

मग माझा धाकटा भाऊ सतीश फोनवर आला. बाबूजी दोन वर्षांपूर्वी गेले होते आणि दुकान, घर, आई, आत्या सगळं तोच बघत होता. आता लाईन जायची वेळ ठरलेली होती, पेपरात छापून यायची. सगळ्या गावाला आधीच समजत होतं, त्यामुळे आत्याच्या कंदिलाची कोणाला गरज राहिली नव्हती. दिवसाचे आठ-आठ तास लाईन नसायची, पोरांच्या परीक्षा तोंडावर, म्हणून सतीशने इन्व्हर्टर बसवला होता. आणि आत्याचं सगळं बिघडलं होतं.

‘‘जेवत नाई ताई ते. कानात कापूस कोंबते, भितीवर डोकं आपटते. परवा तं पाण्याचा गुंड फेकून मारला,’’ सतीश म्हणाला. ‘‘आता झालं. अमरावतीच्या पुढं एक जागा हाय, असे लोक ठेवतात तिथं. बोलणं झालं माह्यं. पंधरा दिवसांनं नेऊन सोडतो.’’

‘‘सतीश, इन्व्हर्टरचा आवाज येऊन राह्यला तिले. तो काढ.’’

‘‘कंपनीचा माणूस पाहून गेला. आवाज नाई म्हणे. आमाले बी नाई येत ऐकू.’’

‘‘मले येते,’’ मी म्हणाले. ‘‘आत्ता. फोनवरून.’’

सतीश समजुतीने म्हणाला, ‘‘तू थकली हायस ताई. आराम कर.’’ तो वाईट नाही. आयुष्यभर मला काही ऐकू येत नाही असं मीच दाखवलं होतं, त्याने आता का विश्वास ठेवावा? त्या खोट्याचा दंड आत्या भरणार होती. मी फोन ठेवला आणि पहिलं मिळेल ते तिकीट काढलं.

पुलगावला उतरले ती सकाळची वेळ होती. घरात शिरले आणि दारातच थबकले. लाईन गेलेली होती आणि इन्व्हर्टर चालू होता. स्वस्तातले इन्व्हर्टर खडबडीत वीज देतात. तिच्यावर ट्यूब, पंखे, सगळं करवादतं. दाढेच्या आत कोणी ॲल्युमिनियमचं पातेलं खरवडावं, तसा तो आवाज होता. आणि तो ठेवला होता जिन्याखाली, आत्याच्या खोलीच्या भिंतीला टेकवून. आत्या कोपऱ्यात होती. केस पांढरे, डोक्याला टॉवेल घट्ट गुंडाळलेला, कपाळावर सुकलेली जखम. तिने माझ्याकडे बघितलं नाही. आईने चहा दिला. मी हात मांडीखाली घालून बसले, सवयीने. तासभर बसले. मग हात काढले आणि आईसमोर दोन्ही कान झाकून घेतले.

‘‘काऊन करून राह्यली असं?’’ आई म्हणाली आणि तिचा आवाज एकदम बारीक झाला. ‘‘तुले बी?’’

‘‘सात वर्षांची होती तवापासून,’’ मी म्हणाले.

सतीशला बोलून पटणार नव्हतं. मी त्याला माझ्या कामाच्या पद्धतीने पटवायचं ठरवलं. इन्व्हर्टरवरचं घरातलं सगळं काढायला लावलं, फक्त दुकानातली एक ट्यूब त्याच्यावर ठेवली. एका कागदावर सतीशने मनाला येईल तसं वीस वेळा चालू-बंद लिहिलं आणि तो कागद घेऊन जिन्याखाली गेला. आत्या आणि मी सर्वांत आतल्या खोलीत, दार लावून, भिंतीकडे तोंड करून बसलो, एकमेकींकडे पाठ. आत्याच्या कानातला कापूस मी काढला. ती कळवळली, पण तिने काढू दिला. चालू झालं की बोट वर, बंद झालं की बोट खाली, एवढंच तिला सांगितलं. आई मधे पाटावर बसली, दोघींची बोटं बघून पेन्सिलीने खुणा करायला.

घरात कसलाही आवाज नव्हता, निदान आईसाठी. ती नंतर म्हणाली, तुम्ही दोघी भिंतीकडे तोंड करून बसलेल्या, कोणी कोणाला दिसत नाही, आणि एकाच क्षणी दोघींचं बोट वर जायचं. एकाच क्षणी खाली. आत जणू कोणी तिसरंच बसलंय आणि ते तुम्हांला सांगतंय. चौदाव्या वेळेला तिने पेन्सिल खाली ठेवली. उरलेल्या खुणा आम्हां दोघींना आपापल्या आठवून कराव्या लागल्या. सतीशने त्याचा कागद आणला, आमच्या कागदाशेजारी धरला, वरून खाली बघत गेला. विसाच्या वीस. तो जिन्याखाली गेला, त्याने वायरी उपटल्या आणि ते धूड एकट्याने उचलून अंगणात नेऊन ठेवलं. परत आला तेव्हा घामाने निथळत होता.

‘‘ताई, आजवर काऊन नाई सांगतलं मंग?’’ त्याने विचारलं. मी आईकडे बघितलं नाही. आई स्वतःच म्हणाली, ‘‘मीच नको म्हनलं होतं.’’ आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली. मला रडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते कळत नाही. मी तिच्या शेजारी बसले, खांद्याला खांदा लावून, आणि ती थांबेपर्यंत उठले नाही.

अमरावतीच्या पुढची जागा रद्द झाली. मी वर्ध्याला जाऊन एकेका दुकानात इन्व्हर्टर लावायला सांगितले आणि कान टेकवून ऐकले. दुकानदार सतीशला बाजूला घेऊन विचारत होता, बाईंची तब्येत बरी आहे ना. चौथा बरा निघाला, जवळजवळ मुकाच.

दोन दिवसांनी दुपारी लाईन होती, आत्या जेवून बसली होती, टॉवेल काढलेला. मी म्हणाले, ‘‘आत्या, त्या दिवशी मी खोटं बोलली.’’

‘‘माहीत हाय,’’ ती माझ्या खांद्याला म्हणाली. एवढंच. राग नाही, माफी नाही. मला हायसं वाटलं आणि वाईटही वाटलं, कारण माहीत असूनही ती आठ वर्षं एकटी ऐकत होती.

मग मी तिला माझी एक गोष्ट दाखवली. तिकडे फार परकं वाटलं की मी घराचा सूर गळ्यात धरायची. गाडीत, काचा लावून. आमच्या मागच्या खोलीच्या ट्यूबचा सूर. तो मी तिच्यासमोर धरला. ती ऐकत राहिली, मग मान हलवून म्हणाली, ‘‘हा नाई. हा मांगचा. तो आता नाई राह्यला.’’ आणि तिने तिचा धरला. किंचित वर. मी स्टुलावर चढून ट्यूबच्या चोकला कान लावला. तिचं बरोबर होतं. आमच्या लहानपणी लाईनवर इतका भार असायचा की ती सदानकदा दबलेलीच चालायची. मधल्या वर्षांत ती सुधारली, सूर आपल्या जागी चढला. मी जे घर म्हणून जपत होते ते एका दमलेल्या लाईनचं गुणगुणणं होतं, आणि ते आता कुठेच नव्हतं. आत्याने माझ्याकडून नवा सूर घटवून घेतला. बाहेर आई तुरीच्या शेंगा सोलत होती. तिचे हात मधेच थांबल्याचं मला ऐकू आलं.

मी परत आले. रूथशेजारी टेबल लावलं. रविवारचे फोन चालू राहिले, फक्त आता शेवटी आई रिसीव्हर आत्याच्या कानाशी धरते. आत्या फोनवर बोलत नाही. ती त्या दिवशी घटवून घेतलेला सूर लावते आणि मी इकडून तोच लावते. आई विचारते, ‘‘काय सांगून राह्यली गं?’’ मी सांगते, सगळं ठीक आहे म्हणते.

मागच्या रविवारी आत्याने सूर लावला आणि मी उलट लावायला तोंड उघडलं ते तसंच राहिलं. तो पुलगावचा सूर नव्हता. तो वरचा होता, साठचा, माझ्या इथल्या फ्रीजचा, दिव्यांचा, रस्त्यावरच्या खांबांचा. मी तो तिला कधी ऐकवला नव्हता. मी घरातल्या कोणालाही तो कधी ऐकवला नव्हता. मग लक्षात आलं. इतकी वर्षं मी आईच्या आवाजामागे त्यांचं घर ऐकत होते, आणि अलीकडे दर रविवारी तिकडे रिसीव्हर कानाला लावून आत्या माझ्या आवाजामागे माझं घर ऐकत होती.

ती थांबली आणि वाट बघायला लागली. दहा वर्षं मी त्या सुरात राहत होते आणि त्याला कधी घर म्हटलं नव्हतं. मी श्वास घेतला आणि पहिल्यांदाच तो लावला.